धनुर्मासातला नेम

मराठी माणूस बारा महिने तिरंदाजी करतो. फक्त ती तोंडाने करतो. कुणी किरकोळ काम उरकले की आपण ‘मोठा तीर मारलास!’ म्हणून त्याला जागेवर आणतो. औषध लागू पडले तर ते रामबाण, अंदाज बरोबर आला तर तीर आणि चुकला तर तुक्का. सासू-सुनेच्या संवादाला तर वाग्बाणांखेरीज दुसरी उपमाच चालत नाही. एवढा भरलेला भाता पाठीशी असलेल्या समाजाने प्रत्यक्ष धनुष्य मात्र रामलीलेतल्या पुठ्ठ्याच्या दुकानात ठेवून दिले आहे. बडोद्यासारख्या गावात तर ही गोष्ट फारच खटकते. इथल्या नदीचे नाव विश्वामित्री. ज्या ऋषींनी रामाला दिव्य अस्त्रे दिली त्यांचे नाव गावातून वाहते आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथल्याच प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. महाभारताची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने केली. म्हणजे वाटणी अशी झाली की अर्जुन पुण्याकडे गेला आणि राम बडोद्याकडे आला. रामाचा कोणता बाण कोणत्या हस्तलिखितात सुटला आणि कोणत्यात सुटला नाही, याचा हिशेब या गावात पाठभेदांसह उपलब्ध आहे. शिल्लक राहिले ते एवढेच, की सकाळी उठून मैदानावर जाऊन एखादा बाण आपणही सोडून पाहावा. त्यासाठी सर्वांत योग्य काळ म्हणजे हिवाळा, आणि नेमक्या त्याच काळात आपण तो सोडत नाही. माझे म्हणणे असे, की याचे कारण थंडी नाही. बडोद्याच्या हिवाळ्यात मैदानी तिरंदाजीला एकही खरी अडचण उरत नाही, आणि अडचण नसलेल्या कामाइतके अवघड काम दुसरे नाही.

आधी ज्यांना खरोखर अडचण आहे त्यांच्याकडे पाहू. युरोपात हिवाळा आला की तिरंदाज छपराखाली जातात. मैदानावर ७० मीटरवरचे १२२ सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य सोडून ते १८ मीटरवरच्या ४० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर येतात. यात लाजण्यासारखे काही नाही. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही भरत नाही, त्यात सूर्याची खात्री नाही आणि जमिनीत रुतलेला बाण शोधायचा तर चिखलात किंवा बर्फात. तरीही इंग्रज हा हट्टी प्राणी आहे. हिवाळ्यात उघड्यावर नेम धरता यावा म्हणून त्याने ३० मीटरवरून ३६ बाणांची एक फेरी ठरवून घेतली आहे आणि तिचे नाव ठेवले आहे ‘फ्रॉस्टबाइट’, म्हणजे हिमदंश. खेळाला रोगाचे नाव देऊन त्यात हौसेने भाग घ्यायचा, हा त्या लोकांचा स्वभाव. आपल्याकडे कुणी ‘सर्दी-पडसे चषक’ जाहीर केला तर प्रवेशिका येणार नाहीत, फक्त वैद्यकीय दाखले येतील. पण इंग्रजाच्या हट्टातून एक गोष्ट सिद्ध होते. बोटे बधिर होत असतानाही माणूस मैदानावर उभा राहू शकतो. आता ज्या गावात बोटे बधिर होतच नाहीत, त्या गावाने काय उत्तर द्यायचे?

बडोद्याच्या हिवाळ्याचा दर्जा नीट तपासून घ्यावा. जानेवारीत पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर येतो, दुपारी तो पुन्हा तीसच्या आसपास जाऊन बसतो. युरोपातले कित्येक लोक अशा हवेला उन्हाळा म्हणतात आणि तिच्यासाठी विमानाचे तिकीट काढतात. आपण तिला ‘कडाका’ म्हणतो. मे महिन्यात हेच गाव चाळीस अंशांच्या वर तापते. जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि विश्वामित्री फुगली की मगरी सोसायट्यांमध्ये चौकशीला येतात, अशा वेळी ७० मीटर चालत जाऊन बाण उपटणे हे धाडस ठरते. उरला हिवाळा. त्यातही सूर्याने बडोद्याच्या तिरंदाजावर विशेष मेहेरबानी केलेली आहे. उत्तर गोलार्धात मैदान आखताना नेम उत्तरेकडे धरला जाईल असे पाहतात, म्हणजे ऊन डोळ्यांत येत नाही. बडोद्यापासून कर्कवृत्त उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे जूनच्या दुपारी सूर्य थेट टाळूवर उभा असतो आणि मैदानी खेळाडूचा डोक्यापासून निकाल लावतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलून भर दुपारीही चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवरच राहतो, तिरंदाजाच्या पाठीमागे. पाठ शेकत राहते, डोळे मोकळे राहतात आणि आपलीच सावली आपल्यापुढे लक्ष्याच्या दिशेने पडते. स्वतःची सावलीसुद्धा ‘जा’ म्हणून बोट दाखवते आहे, याहून स्पष्ट निमंत्रण कोणते हवे?

पूर्वजांना हे कळले होते. दसऱ्याला शस्त्रे पुजायची, सीमोल्लंघन करायचे आणि पावसाळाभर बसून गंजलेले हातपाय मुलूखगिरीवर न्यायचे, हा मराठ्यांचा वर्षक्रम होता. बडोद्याचे गायकवाडही त्याच वर्षक्रमाच्या घोड्यावर बसून गुजरातेत आले. धनुष्याच्या बाबतीत याला एक रोकडे कारणही होते. लाकूड, शिंग आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेले जुने धनुष्य ओल लागली की ढिले पडे. हिंदुस्थानात पोलादी धनुष्ये घडवली गेली त्यामागे पावसाळी हवेचा हा त्रास होता. कोरडी थंडी म्हणजे धनुष्याची प्रकृती सुधारण्याचे दिवस. आयुर्वेदानेही हेमंतात बल उत्तम असते, अग्नी प्रदीप्त असतो, व्यायाम सोसतो, असे सांगून ठेवले आहे. पंचांगाने तर संशयाला जागाच ठेवली नाही. १६ डिसेंबरच्या सुमारास सूर्य धनू राशीत शिरतो आणि १४ जानेवारीपर्यंत तिथे राहतो. या महिन्याचे नावच धनुर्मास! आता या महिन्यात मराठी घरात काय होते ते पाहा. वर्षभर आठपर्यंत अंथरूण न सोडणारी माणसे धनुर्मासात एक दिवस सूर्योदयापूर्वी उठतात, अंघोळी करतात आणि अंधारात एकत्र बसून बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी आणि भोगीच्या जातीची मिसळीची भाजी यांच्यावर तुटून पडतात. धनुर्मासाचा उच्चार बदलून धुंधुरमास झाला तो बहुधा याच वेळी, तोंडात घास असताना. आयुर्वेदाच्या सल्ल्यातले ‘अग्नी प्रदीप्त असतो’ एवढेच आपण ऐकले आणि ‘व्यायाम’ हा शब्द येईपर्यंत पान वाढून झाले होते. तरी यातून पुरावा मिळतोच. योग्य कारण असेल तर मराठी माणूस डिसेंबरात पहाटे उठू शकतो. फक्त कारण ताटात असावे लागते.

यावर पहिला आक्षेप थंडीचाच येईल, कारण पुराव्याने मेलेला आक्षेप स्वेटर घालून परत येतो. स्वेटरची तक्रार मात्र खरी आहे आणि ती नाकारू नये. धनुष्याची दोरी सुटते ती हाताला आणि छातीला घासून जाते. तिथे फुगीर बाहीचा, आईने वा आजीने वाढत्या मापाचा विणलेला स्वेटर असेल तर दोरी त्यात अडकते आणि बाण लक्ष्याऐवजी शेजाऱ्याच्या वर्तुळात किंवा गवतात जाऊन बसतो. कानटोपीचेही तसेच. दोरी ओढून हनुवटीला टेकवायची असते आणि कानटोपीने हनुवटी हा अवयव जप्त केलेला असतो. थंडीत हात फुटतात, म्हणून क्रीम चोळावे तर बोटांवरची चामड्याची टॅब घसरते. पण या सगळ्यावर उपाय आहेत आणि तेही स्वस्त. अंगाबरोबर बसणारे गरम बनियन, वर आर्मगार्ड आणि चेस्टगार्ड, क्रीम रात्री. शिवाय साडेनवानंतर स्वेटर उतरावाच लागतो, कारण तोवर ‘कडाका’ संपून घाम येऊ लागलेला असतो. आणि थंडीत उघड्यावर उभे राहवत नाही असे म्हणणाऱ्या बडोदेकराने १४ जानेवारीला आपण कुठे होतो ते आठवावे. उत्तरायणाच्या दिवशी सगळे शहर उजाडल्यापासून गच्चीवर असते. फिरकी धरणाऱ्याचा हात दुखत नाही, मान मोडेपर्यंत वर पाहणाऱ्याला सर्दी होत नाही, आणि ‘काप्यो छे!’ ही आरोळी देताना कुणाचा घसा बसल्याचे ऐकिवात नाही. दुसऱ्या दिवशी वाशी उत्तरायण म्हणून तोच प्रयोग पुन्हा होतो. सलग दोन दिवस उघड्या गच्चीवर उभे राहू शकणारी प्रजा मैदानावर दोन तास उभी राहू शकत नाही, हे म्हणणे न्यायमंदिराच्या पायरीवरसुद्धा टिकणार नाही.

दुसरा आक्षेप वाऱ्याचा. उघड्यावर वारा असतो, छपराखाली नसतो, मग छप्पर बरे. पतंग हवा तर वारा हवा आणि बाण हवा तर वारा नको, त्यामुळे जानेवारीत बडोद्यातून दोन परस्परविरोधी प्रार्थना वर जाऊ शकतात; मात्र एका बाजूला अख्खे शहर आणि दुसऱ्या बाजूला मूठभर तिरंदाज, तेव्हा निकाल काय लागेल ते उघड आहे. पण वारा हा मैदानी खेळातला दोष मानायचा की विषय मानायचा, हा खरा प्रश्न आहे. ७० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे असते, चहाच्या बशीएवढे. तिथे पोचायला बाणाला सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात वाऱ्याला जे करायचे ते तो करतो. म्हणून प्रत्येक लक्ष्याच्या वर एक छोटे निशाण लावलेले असते, आणि ते पाहून नेम किती सरकवायचा हे ठरवावे लागते. इथे आपली अर्जुनाची गोष्ट आडवी येते. शाळेत शिकवलेल्या गोष्टीत अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसतो. पुण्याच्या प्रतीप्रमाणे तो पोपट नसून भास नावाचा पक्षी होता आणि दिसले ते डोके, पण पुण्याच्या प्रतीपुढे कुणाचेच चालत नाही, पोपटाचे कुठून चालणार! मुद्दा असा की आजच्या मैदानावर अर्जुनाने ‘मला फक्त डोळा दिसतो’ असे उत्तर दिले तर प्रशिक्षक विचारील, ‘निशाण दिसले का? घड्याळ दिसले का?’ सामन्यात एका बाणाला वीस सेकंद मिळतात. डोळ्याशिवाय काहीच न दिसणारा धनुर्धर पहिल्याच फेरीत घरी जाईल. आणि निशाण वाचण्याची विद्या बडोदेकराइतकी कुणाला असेल? वारा कोणत्या गच्चीवरून येतो, टाकीआड कुठे पडतो, ढील केव्हा द्यायची आणि खेच केव्हा, हे त्याला बालवाडीपासून येते. फक्त ती विद्या तो वर्षातून दोन दिवस वापरतो आणि उरलेले दिवस शेजाऱ्याचा पतंग कसा कापला ते सांगण्यात घालवतो.

तिसरा आक्षेप जागेचा, आणि तो सर्वांत भारदस्त दिसतो. लक्ष्यापर्यंत ७० मीटर, त्यामागे चुकलेल्या बाणांसाठी सुरक्षित मोकळी जागा. एवढा सपाट तुकडा शहरात कुठे मिळणार? नवरात्रात मैदाने गरब्याची असतात. दिवाळीनंतर लग्ने सुरू होतात आणि ज्या भूखंडावर गवत दिसते त्याचा पार्टी प्लॉट होतो. मांडव, सोफे, लाइव्ह ढोकळ्याचे काउंटर आणि अमेरिकेहून आलेला मामा यांच्यामध्ये बाण सोडणे कायद्याला धरून नाही. परंतु इथेही पंचांग तिरंदाजाच्या बाजूने उभे राहते. सूर्य धनू राशीत गेला की गुजरातेत कमुर्ता लागतात आणि लग्नाचे मुहूर्त थांबतात. १६ डिसेंबर ते १४ जानेवारी मांडव उतरलेले, गवत मोकळे, बँडवाले रिकामे. ज्या महिन्याला धनुष्याचे नाव त्याच महिन्यात मैदान रिकामे करून देण्याची ही व्यवस्था कोणत्याही क्रीडा प्राधिकरणाला सुचली नसती. शुभ कार्याला वर्ज्य असलेला काळ खेळाला वर्ज्य आहे असे कोणत्याही ज्योतिषाने म्हटलेले नाही. किंबहुना लग्नाच्या आमंत्रणाची सबबही याच महिन्यात उरत नाही, हे लक्षात आले म्हणजे या महिन्याला अशुभ का म्हणतात ते कळते.

चौथा आक्षेप थोड्या तिरकस सुरात येतो: हा खेळ आपला नाही, तो राजांचा किंवा आदिवासींचा. राजांचे सोडून देऊ. पण आदिवासींचे म्हणाल तर ते दूर नाहीत. बडोद्याच्या पूर्वेला छोटा उदेपूर आहे. २०१३पर्यंत तो भाग बडोदे जिल्ह्यातच होता. तिथल्या राठवा आणि भिल्ल घरांमध्ये तीर-कामठा ही शोभेची वस्तू नाही. (सयाजीबागेला लोक कामाठीबाग म्हणतात तिचा या कामठ्याशी संबंध जोडू नये, ध्वनिसाम्यावर इतिहास रचण्याची हौस बडोद्यातही आहे.) एकलव्याची कथाही इथे एका नव्या उजेडात दिसते. आजच्या ऑलिंपिक पद्धतीच्या धनुष्याची दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात, अंगठा निमूटपणे तळहाताशी दुमडून ठेवतात. म्हणजे द्रोणाचार्यांनी मागितलेली गुरुदक्षिणा आजच्या मैदानावर वाया गेली असती. एकलव्य अंगठ्यावाचून पात्रता फेरीत उतरला असता आणि अर्जुनाला झोप लागली नसती. उत्तम प्रशिक्षकाला आपण द्रोणाचार्यांच्याच नावाचा पुरस्कार देतो, हा भाग वेगळा. आणि ‘मराठी माणसाचे हे काम नव्हे’ म्हणणाऱ्याला ऑगस्ट २०२३ ची बर्लिनची जागतिक स्पर्धा दाखवावी. तिथे साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्यावर जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांत जगज्जेता झाला. कंपाउंडच्या स्पर्धेत ५० मीटरवरचे दहाचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटरचे असते. जगाची मैदानी कसोटी युरोपच्या उन्हाळ्यात लागते. तेव्हा युरोप छपराखाली असतो त्या महिन्यांत उघड्यावर उभे राहता येणे, ही आपल्याला हवेने दिलेली आगाऊ रक्कम आहे. सातारा आणि नागपूर यांची थंडी बडोद्याहून काही फार वेगळी नाही. वेगळा आहे तो तिचा उपयोग.

शेवटचा आक्षेप वयाचा आणि व्यायामाचा. एका जागी उभे राहून दोरी ओढणे याला व्यायाम म्हणायचे का? हा प्रश्न प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात विचारला जावा याचे वाईट वाटते, पण उत्तर आकड्यांत देता येते. पात्रता फेरीत ७२ बाण असतात, सहा-सहाच्या बारा खेपा. दर खेपेला ७० मीटर जायचे, बाण उपटायचे, ७० मीटर यायचे. बारा खेपांची चाल १,६८० मीटर होते, म्हणजे पावणेदोन किलोमीटरला थोडी कमी. एका ओढीला वीस किलोचा भार धरला तर ७२ बाणांत चौदा क्विंटलांहून अधिक वजन खांद्याने ओढून धरलेले असते. कामाठीबागेत सकाळी फेऱ्या मारून नंतर शेव-उसळीवर त्या भरून काढणाऱ्या मंडळींनी हा हिशेब शांतपणे वाचावा. चालणे तेवढेच आहे. फक्त प्रत्येक फेरीच्या टोकाला आपली चूक कागदावर भोक पाडून बसलेली असते.

आणि खरी गोम तिथेच आहे. थंडी, वारा, जागा, परंपरा, वय या साऱ्या सबबी एकेक करून गळून पडल्या की शेवटी जी उरते ती कुणी बोलून दाखवत नाही. तोंडाच्या तिरंदाजीत गुण मोजत नाहीत. टोमणा लागला की आपला नेम, न लागला तर समोरच्याला मराठी कळत नाही. मैदानावर मात्र दहा म्हणजे दहा आणि सात म्हणजे सात. युरोपातल्या तिरंदाजाचा बाण हिवाळ्यात चुकला तर त्याला बर्फ, धुके, बधिर बोटे असे सन्माननीय भागीदार मिळतात. आपल्या मे महिन्यात चुकला तर घामावर ढकलता येते, ऑगस्टात चुकला तर पावसावर. पण जानेवारीची बडोद्याची सकाळ, स्वच्छ आकाश, पाठीवर ऊन, पडलेला वारा, रिकामे मैदान आणि तरीही बाण चारच्या वर्तुळात, याची जबाबदारी कुणाला वाटून देणार? चांगली हवा माणसाला एकटे पाडते. नेमबाजीला निर्दोष हवा लागते हे खरे, पण नेमबाजाला थोडी सदोष हवाच आवडते. म्हणूनच आपण पतंग पसंत केला. पतंग कापला गेला की मांजा वाईट होता, फिरकीवाला झोपला होता, शेजाऱ्याने लबाडी केली, अशी कारणे दोरीबरोबरच गुंडाळून ठेवता येतात. शिवाय त्या खेळात अचूकतेचा आग्रह मुळातच नाही. सूर्य खरा उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास आणि आपण उत्तरायण साजरे करतो १४ जानेवारीला. लक्ष्य तेवीस दिवसांनी चुकले तरी सगळे गाव आनंदाने टाळ्या वाजवते, असा खेळ सोडून बारा सेंटिमीटरच्या वर्तुळामागे कोण लागेल?

एक मात्र लक्षात ठेवावे, की ही संधी मोजक्या दिवसांची असते. १४ जानेवारीला सूर्य धनुष्यातून सुटतो आणि मकरेत जाऊन रुततो. कमुर्ता संपतात, मुहूर्त उघडतात, मैदानांवर पुन्हा मांडव चढतात आणि ‘यंदा जागाच मिळाली नाही’ असे खरेपणाने सांगण्याची सोय होते. मकर म्हणजे पुराणातली मगर, आणि मगरींच्या बाबतीत बडोद्याला पुराणात जावे लागत नाही. विश्वामित्रीच्या काठावर त्या थंडीत ऊन खायला येतात. अंग अजिबात हलत नाही, श्वास चालला आहे की नाही कळत नाही, डोळा एका जागी लागलेला, आणि लग्न, पतंग, शेव-उसळ यांपैकी कशाचाही परिणाम नाही. तिरंदाजीचा कोणताही प्रशिक्षक जी स्थिरता शिकवताना मेटाकुटीला येतो ती सगळी तिथे चिखलात पडलेली असते. विश्वामित्रांची विद्या बडोद्याने पुढे चालवली नाही असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. मैदानी हिवाळी सराव इथे एकाही दिवसाचा खंड न पाडता चालू आहे. फक्त तो आपण काठावरून, स्वेटर घालून, कठड्याला टेकून पाहतो, आणि ‘आळशी आहे नुसती!’ असा एक वाग्बाण तिच्याकडे सोडून भाकरी खायला घरी जातो.